छायाचित्रकार व मुद्रणशाळा

छायाचित्र टिपणारी व्यक्ती आणि त्याची कागदावरील प्रत तयार करणारी व्यक्ती या पुष्कळदा भिन्न असतात. त्यांच्यातील व्यावसायिक संबंध छायाचित्रणाच्या कलेइतकेच जुने आहेत. तथापि चित्राखाली नाव पडते ते पहिल्या व्यक्तीचे. दुसरी व्यक्ती अंधारखोलीत काम करते व बहुधा तेथेच अज्ञात राहते. जिला व्यवसायात नुसते ‘लॅब’ म्हटले जाते, त्या मुद्रणशाळेचा इतिहास छायाचित्रणाच्या ग्रंथांत रसायने व यंत्रे यांच्या अनुषंगाने येतो. श्रेय, विश्वास व मालकी यांविषयीचे जे वाद या दोन व्यवसायांत वेळोवेळी निर्माण झाले, त्यांची दखल मात्र त्या मानाने थोडी घेतली गेली आहे.

या संबंधाचे मूळ छायाचित्रणाच्या द्विस्तरीय प्रक्रियेत आहे. कॅमेऱ्यातील फिल्मवर प्रथम व्यस्त प्रत उमटते. तीत उजेडाचा भाग काळा व सावलीचा भाग पारदर्शक असतो. तिलाच निगेटिव्ह म्हणतात. तिच्यातून प्रकाश पाठवून कागदावर सम प्रत काढावी लागते. व्यस्त प्रतीत साठलेल्या छटा कागदावर जशाच्या तशा उतरत नाहीत, कारण कागदाची छटा दाखविण्याची क्षमता फिल्मपेक्षा कमी असते. त्यामुळे काय ठेवावयाचे व काय सोडावयाचे हे प्रत्येक वेळी कोणाला तरी ठरवावे लागते. मुद्रक कागद मऊ घ्यावा की कडक हे ठरवितो. एन्लार्जरमधून येणाऱ्या किरणांच्या आड हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून तो चेहरा उजळ राखतो, आणि भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जास्त वेळ प्रकाश देऊन आकाश गडद करतो. हे सारे काही सेकंदांत घडते; पण ढग दिसणार की नाहीत, डोळे खोल दिसणार की बोलके, हे त्या सेकंदांवर अवलंबून असते. मुद्रकाचे काम केवळ नकलनविसाचे आहे हा समज म्हणूनच टिकत नाही.

फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे आणि त्याच्या प्रती निघत नसत. साहजिकच तेथे मुद्रकाला स्थान नव्हते. ते निर्माण केले इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) यांच्या कागदी व्यस्त प्रतीने. टॅल्बट यांचा सेवक निकोलास हेनेमान (१८१३–९८) हा मूळचा डच. धन्याबरोबर काम करता करता तो ही विद्या शिकला आणि १८४४ च्या सुमारास त्याने रेडिंग या गावी मुद्रणशाळा उघडली. टॅल्बट यांच्या द पेन्सिल ऑफ नेचर या ग्रंथासाठी (१८४४–४६) लागणाऱ्या प्रती तेथे सूर्यप्रकाशात काढल्या जात. १८४६ मध्ये आर्ट-युनियन या नियतकालिकाच्या अंकात चिकटविण्यासाठी हजारो प्रतींची मागणी आली. घाईमुळे प्रती पुरेशा धुतल्या गेल्या नाहीत आणि त्यांतील पुष्कळशा थोड्याच काळात फिकट पडल्या. छायाचित्र टिकाऊ नसते असा ग्रह त्यामुळे लोकांत पसरला. छायाचित्रणाची पहिली मोठी बदनामी अशा प्रकारे धुलाईच्या हौदात झाली. मुद्रणशाळेच्या चुकीची किंमत छायाचित्रकाराला, किंबहुना सबंध कलेला, मोजावी लागते याचा हा पहिला अनुभव होय.

फ्रान्समधील लीलजवळ लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार (१८०२–७२) यांनी १८५१ मध्ये काढलेला कारखाना अधिक पद्धतशीर होता. कागदावर प्रतिमा पूर्ण उमटेपर्यंत उन्हात ठेवण्याऐवजी त्यांनी थोडा वेळ प्रकाश देऊन ती रसायनाने व्यक्त करण्याची रीत अवलंबिली. त्यामुळे एका व्यस्त प्रतीपासून दिवसाला शेकडो प्रती निघू लागल्या. कामाची वाटणी करून त्यांनी तेथे मुख्यतः स्त्रियांना नेमले होते. माक्सीम द्यू कां यांच्या ईजिप्त व पॅलेस्टाइनच्या प्रवासातील १२५ चित्रांचा १८५२ चा ग्रंथ येथेच छापला गेला. द्यू कां यांनी व्यस्त प्रती वाळवंटातून आणल्या. त्या प्रतींचा थंड, राखाडी रंग मात्र लीलच्या कारखान्याचा होता. या कारखान्याच्या चित्रसंचांवर मुद्रणशाळेचे नाव ठळक असे आणि काहींत छायाचित्रकाराचे नावच आढळत नाही. पुढील काळातील रीत याच्या नेमकी उलट झाली. कारखाना १८५५ मध्ये बंद पडला.

भारतात या श्रमविभागणीचे ठळक उदाहरण बोर्न अँड शेफर्ड या संस्थेचे आहे. सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) हे १८६३ मध्ये भारतात आले व सिमल्यास स्थिरावले. त्या काळी काचेवरील लेप ओला असतानाच चित्र घेऊन लगेच व्यक्त करावे लागे. म्हणून हिमालयातील त्यांच्या सफरींत काचा, रसायने व अंधाराचा तंबू वाहणाऱ्या हमालांचा तांडाच बरोबर असे. प्रती काढण्याचे काम मात्र सिमल्यात होई आणि ते पाहणारे चार्ल्स शेफर्ड हे निष्णात मुद्रक म्हणून ओळखले जात. फिरणारा आणि छापणारा या दोघांचीही नावे पाटीवर बरोबरीने असलेल्या संस्था छायाचित्रणाच्या इतिहासात थोड्याच आहेत. बोर्न १८७० मध्ये इंग्लंडला परतले. परंतु त्यांच्या क्रमांक घातलेल्या व्यस्त प्रतींवरून संस्था पुढेही अनेक वर्षे प्रती विकत राहिली. छायाचित्रकार गेला तरी व्यस्त प्रत ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे चित्र राहते, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्ट दिसते. संस्था पुढे कलकत्त्यात केंद्रित झाली. १९९१ च्या आगीत तिचा बराचसा संग्रह नष्ट झाला आणि २०१६ मध्ये ती बंद झाली. सिकंदराबादप्रमाणेच १८९६ मध्ये मुंबईतही चित्रशाळा उघडणारे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्याकडेही मोठा सेवकवर्ग होता. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रतीवर नाव मात्र धन्याचेच असे. महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या स्टुडिओंत हीच पद्धत पुढे चालू राहिली. गिऱ्हाइकाला प्रती मिळत आणि व्यस्त प्रत स्टुडिओत राही. पुन्हा प्रत हवी असल्यास पाकिटावरचा क्रमांक घेऊन यावे लागे. आपल्याच लग्नाच्या चित्रावर आपली मालकी नाही, हे पुष्कळांना अशा वेळी कळे.

सर्वसामान्य माणसाचा मुद्रणशाळेशी संबंध जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांच्या कोडॅक कॅमेऱ्यामुळे आला (१८८८). हा कॅमेरा २५ डॉलरला मिळे व त्यात १०० चित्रांपुरती फिल्म भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रे धुऊन, छापून, नवी फिल्म भरून तो परत करी. कळ दाबणे एवढेच गिऱ्हाइकाचे काम, हे कंपनीच्या जाहिरातीचे सूत्र होते. हौशी छायाचित्रकाराला अंधारखोलीची गरज उरली नाही. परंतु आपले चित्र असेच का आले, हे विचारण्याची सोयही त्याबरोबर गेली.

विसाव्या शतकातील सचित्र साप्ताहिकांनी हा संबंध अधिक गुंतागुंतीचा केला. वार्ताचित्रकार दूरदेशी असे व न धुतलेली फिल्म विमानाने कचेरीत जाई. चित्र प्रथम पाही तो अंधारखोलीतील माणूस, त्यानंतर संपादक आणि सर्वांच्या शेवटी खुद्द छायाचित्रकार. या परावलंबित्वाची सर्वांत प्रसिद्ध कथा रॉबर्ट कापा (१९१३–५४) यांची आहे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याबरोबर उतरून त्यांनी घेतलेली चित्रे लाइफ साप्ताहिकाच्या लंडन कचेरीत आली. घाईत फिल्म सुकविताना अंधारखोलीतील एका साहाय्यकाने कपाटातील उष्णता फार वाढविली, फिल्मवरील पायस वितळले आणि शंभरावर चित्रांपैकी जेमतेम दहा-अकरा वाचली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. कापांनी आत्मकथनात तसे लिहिले. त्या वेळी लंडन कचेरीत चित्रसंपादक असलेले जॉन मॉरिस (१९१६–२०१७) हेही अनेक दशके तेच सांगत राहिले. २०१४ पासून ए. डी. कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कथेची छाननी केली. सुकविण्याच्या कपाटातील उष्णतेने पायस अशा रीतीने वितळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. कापांनी त्या किनाऱ्यावर मुळात तेवढीच चित्रे घेतली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इतर फिल्मवर कदाचित काहीच नसेल, हे मॉरिस यांनीही नंतर मान्य केले. कापांच्या धैर्याला याने बाध येत नाही. परंतु एका अनाम कामगारावर सत्तर वर्षे ठेवला गेलेला ठपका बहुधा निराधार होता, आणि त्याची बाजू मांडणारे त्या काळात कोणी नव्हते, ही गोष्ट या व्यवसायातील दर्जाच्या उतरंडीवर पुरेसा प्रकाश टाकते.

याच कापांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४), डेव्हिड सीमूर, जॉर्ज रॉजर आदींसह १९४७ मध्ये मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था स्थापन केली. व्यस्त प्रतीची मालकी साप्ताहिकाकडे न राहता छायाचित्रकाराकडे राहावी, हे तिचे मुख्य तत्त्व होते. पण मालकी आली तरी छापण्याचा प्रश्न सुटला नाही. तो सोडविला प्येर गासमान (१९१३–२००४) यांनी. जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे जन्मलेले गासमान १९३३ मध्ये पॅरिसला आले. १९५० मध्ये त्यांनी तेथे पिक्टोरियल सर्व्हिस ही मुद्रणशाळा काढली. पुढे ती पिक्टो या नावाने प्रसिद्धीस आली. मॅग्नमच्या पॅरिस कार्यालयाचे काम तेथे होऊ लागले.

कार्तिए-ब्रेसाँ यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. ऐन क्षण पकडण्याच्या कौशल्यासाठी ते जगप्रसिद्ध झाले. परंतु महायुद्धानंतर ते अंधारखोलीत सहसा गेले नाहीत. शिकाऱ्याला स्वयंपाकाची हौस असलीच पाहिजे असे नाही, अशी काहीशी त्यांची वृत्ती होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ते महात्मा गांधींना भेटले आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. बिर्ला भवनाच्या फाटकाजवळ ती वार्ता सांगणारे नेहरू आणि दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्रा ही त्यांची चित्रे जगभर गेली. त्यांच्या भारतातील व पाठोपाठच्या चीनमधील फिल्म मथळ्यांच्या टिपणांसह मॅग्नमकडे रवाना होत. आपण काय टिपले हे पुष्कळदा त्यांना अंक हाती पडल्यावर समजे. अशा माणसाला मुद्रकावर विसंबणे भागच होते.

परंतु विसंबणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या अटी कडक होत्या. व्यस्त प्रतीची चौकट सबंध छापली गेली पाहिजे व कोठेही काटछाट होता कामा नये. याचा पुरावा म्हणून चित्राभोवती बारीक काळी रेषा येऊ देत. फिल्म धरणारी चौकट किंचित घासून मोठी केली की चित्राच्या कडेची कोरी फिल्मही छापली जाते आणि तीच कागदावर काळी उमटते. गार सँ-लाझारमागील पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे १९३२ चे चित्र हा या नियमाला प्रसिद्ध अपवाद होय. ते कुंपणाच्या फटीतून घेतलेले असल्याने कडेचा भाग कापणे प्राप्तच होते. छटांच्या बाबतीतही त्यांना नाट्य नको असे. काजळासारखे काळे व चुन्यासारखे पांढरे टाळून मधल्या राखाडी छटांची दीर्घ श्रेणी त्यांना हवी असे. पिक्टोमधील जॉर्ज फेव्ह्र आणि युगोस्लाव्हियातून आलेले व्हॉया मित्रोव्हिच यांनी त्यांचे काम वर्षानुवर्षे केले. मित्रोव्हिच यांनी योसेफ कौडेल्का यांच्याही प्रती काढल्या, आणि कौडेल्कांच्या चित्रांत गडद काळोखाला फार महत्त्व आहे. एकच हात सकाळी एकाच्या मऊ छटा व दुपारी दुसऱ्याचा काळोख तितक्याच निष्ठेने छापतो. गायकाच्या पट्टीनुसार स्वर लावून देणाऱ्या साथीदाराच्या कौशल्याशी याचे साम्य आहे. मुद्रकाला स्वतःची शैली नसते असे म्हणतात, ते या अर्थाने खरे आहे. मात्र ती नसणे ही त्याने कमावलेली गोष्ट असते.

असा समजूतदारपणा शब्दांनी साधत नाही. आकाश ‘जरा जड’ करा किंवा चेहरा ‘उघडा’, या सूचनांचा अर्थ दोघांना एकच लागण्यास काही वर्षे जातात. म्हणून मुद्रणशाळांनी स्वतःची चिन्हलिपी तयार केली. प्रथम फिल्मवरील सर्व चित्रे त्याच आकारात एका कागदावर छापून घेत. छायाचित्रकार त्यांवर तांबड्या मेणपेन्सिलीने निवड करी. मग एक कच्ची प्रत काढून तिच्यावर रेषा व वर्तुळे आखून प्रत्येक भागाला किती सेकंद प्रकाश अधिक वा उणा द्यावयाचा ते आकड्यांनी लिहीत. न्यूयॉर्क येथील मॅग्नमचे मुद्रक पाब्लो इनिरिओ यांच्या अशा टिपणप्रती पुढे प्रसिद्ध झाल्या. टाइम्स स्क्वेअरमध्ये पावसात चालणाऱ्या जेम्स डीनचे डेनिस स्टॉक यांचे १९५५ मधील साधेसे वाटणारे चित्र त्यांत आकड्यांनी व वलयांनी भरून गेलेले दिसते.

मुद्रकावर विश्वास न टाकणाऱ्यांचीही परंपरा आहे. यूजीन स्मिथ (१९१८–७८) एकेका प्रतीसाठी रात्रंदिवस अंधारखोलीत काढीत. फार गडद झालेले भाग ते ब्रशने रसायन लावून उजळीत. त्यांच्या अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील १९५४ च्या चित्रमालिकेतील एका प्रतीत खालच्या कोपऱ्यात दिसणारी करवतीची मूठ व हात दुसऱ्याच व्यस्त प्रतीतून आणून बसविलेले आहेत. स्वतः छापणारा छायाचित्रकार चित्राशी अधिक प्रामाणिक असतो, हे गृहीत धरण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या मुद्रकाला असे काही करण्याची मुभा नव्हती. ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) हे व्यस्त प्रतीला संगीताच्या स्वरलिपीची व छापील प्रतीला तिच्या प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाच्या १९४१ मधील चित्राच्या त्यांनी हजारावर प्रती काढल्या. दशकांगणिक तीतील आकाश गडद होत गेले. १९४८ मध्ये त्यांनी रसायनाने व्यस्त प्रतीचा अग्रभागही अधिक घन केला. तेव्हा यांतील मूळ चित्र कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

छायाचित्रकाराच्या वृद्धत्वाने व मृत्यूने हा प्रश्न बिकट होतो. एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) यांना कंपवाताने ग्रासल्यावर त्यांच्या देखरेखीखाली मुलगा ब्रेट याने आठशेहून अधिक व्यस्त प्रतींचे मुद्रण केले. वडिलांच्या पश्चात दुसरा मुलगा कोल प्रती काढी व आपण काढल्याचे त्यांवर नमूद करी. बाजारात या तिन्ही प्रकारांच्या प्रतींना वेगवेगळी किंमत येते. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या बाबतीत हा भेद उलट्या दिशेने जातो. त्यांनी स्वहस्ते छापलेल्या आरंभीच्या प्रती दुर्मिळ म्हणून मोलाच्या ठरतात. परंतु जगाला परिचित असलेले त्यांचे छायारूप फेव्ह्र व मित्रोव्हिच यांच्या हातचे आहे.

रंगीत छायाचित्रणाने मुद्रणशाळेचे वर्चस्व वाढविले. कोडाक्रोम या १९३५ मधील फिल्मची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती घरी करणे अशक्यच होते. धुलाईचा आकार फिल्मच्या किमतीतच धरलेला असे. अमेरिकेत १९५४ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ही मक्तेदारी मोडली व इतरांनाही ते काम करता येऊ लागले. फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. शेवटचे रीळ स्टीव्ह मकरी यांना देण्यात आले. त्यातील काही चित्रे त्यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील व्यक्तींची व राजस्थानातील रबारी लोकांची घेतली आहेत. कॅन्ससमधील पार्सन्स या लहान गावातील मुद्रणशाळा ही फिल्म धुणारी जगातील अखेरची ठरली. ३० डिसेंबर २०१० नंतर तिने नवी रिळे स्वीकारली नाहीत. ज्यांची रिळे तोपर्यंत कपाटात राहिली, त्यांना त्यांचे खरे रंग पुन्हा मिळण्याचा मार्ग उरला नाही.

१९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये तयार झालेल्या छोट्या स्वयंचलित यंत्रांमुळे रस्त्यावरच्या दुकानातच तासाभरात रंगीत प्रती मिळू लागल्या. पुढे भारतातील शहरांतूनही अशी दुकाने निघाली. ही यंत्रे चित्रातील सर्व रंगांची सरासरी राखाडी येईल असे गृहीत धरून रंगांचे प्रमाण ठरवीत. आपल्याकडील लग्नात नवरीचा लाल शालू चित्रभर पसरलेला असला की यंत्र तो तांबडेपणा दोष समजून कमी करी आणि नवरीचा चेहरा निळसर-हिरवट होई. जाणता ऑपरेटर हे ओळखून हाताने दुरुस्ती करी. नवशिका करीत नसे. लग्नाचे काम करणारे छायाचित्रकार दुकान न बदलता एकाच ऑपरेटरला धरून का राहत, याचे कारण हे होते. रंग जुळविण्यासाठी कोडॅकने मुद्रणशाळांना पुरविलेल्या नमुनाचित्रांवर तर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचीच प्रतिमा असे. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर, असे मानले जाई. सावळ्या व काळ्या कांतीचे चेहरे त्यामुळे सपाट किंवा काळवंडलेले छापले जात. विविध वर्णांच्या व्यक्ती असलेली नमुनाचित्रे १९९० नंतरच्या दशकात वापरात आली.

अंकीय कॅमेऱ्याने व्यस्त प्रत नाहीशी केली आणि अंधारखोलीतील बरेचसे निर्णय संगणकाच्या पडद्यावर, म्हणजे पुन्हा छायाचित्रकाराच्या हाती, आणले. पडद्यावरचा उजेड व कागदावरचा रंग यांतील तफावत मात्र राहिलीच. म्हणून आता मुद्रणशाळा आपल्या कागदाची व शाईची मोजमापे छायाचित्रकाराला आधी पुरवितात व त्यानुसार पडदा जुळवून घेण्यास सांगतात. लग्नाचे जाडजूड छापील अल्बम आजही मुद्रणशाळांतूनच तयार होऊन येतात. पाने रचण्याचे काम पुष्कळदा तेथील संगणक चालविणारा करतो. छायाचित्रकाराने पाठविलेल्या शेकडो चित्रांतून कोणते मोठे व कोणते कोपऱ्यात हे तो ठरवितो, आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर नाव व दूरध्वनी क्रमांक छायाचित्रकाराचा छापतो.